मधल्या काठीअलीकडची हाक

प्रिय गोविंद,

आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर मी आधी ‘चि.’ काढीत असे आणि मग तुझे नाव. आज लेखणी त्या एका अक्षरापाशीच अडली. चिरंजीव हा शब्द तुझ्या बाबतीत खोटा ठरला आणि खोटे लिहिण्याची मला सवय नाही. म्हणून ‘प्रिय’ लिहिले आहे. त्याचा अर्थ माझा राग निवळला असा घेऊ नकोस. निवळला असता तर पत्र लिहायला बसले नसते.

तुझे दिवस झाले तेव्हाही मी काही लिहिणार नव्हते. पण परवा सदाशिव घरी आला. तोच, महाडचा, ती शर्यत जिंकून गेलेला आणि अलिबागेत सायकलींचे दुकान थाटून बसलेला. ओसरीवर टेकला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “बाई, एक गोष्ट इतकी वर्षं तुमच्यापासून लपवली. आता गोविंदा नाही, तर मला ती पेलवत नाही.”

जे तू मला सांगायला हवे होतेस ते मला त्याच्याकडून ऐकावे लागले! तेव्हापासून वर्गात मुलींना भागाकार घालून देतानाही मनात मी तुझ्याशीच भांडते आहे.

तू माझे एकही स्पष्टीकरण शेवटपर्यंत ऐकून घेतले नाहीस. अर्ध्यावर आले की हसून म्हणायचास, “ताई, फळा पुस आता,” आणि टोपी घालून बाहेर. आज तुला उठून जाता येणार नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते, पायरीपायरीने सांगते, आणि तू ऐकणार आहेस.

शर्यत दोन आठवड्यांची होती. पहिला आठवडा आतल्या मुलखातून: पनवेल, पेण, माणगाव, महाड. दुसरा आठवडा किनाऱ्याने: हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर, दिघी, तिथून राजपुरीची खाडी ओलांडून मुरूड, आणि शेवटच्या दिवशी मुरूडहून सलाव, सलावची खाडी, आपले रेवदंडे आणि अलिबाग. रोज एक टप्पा. गावोगावचे लोक संध्याकाळी विचारीत, आज पहिला कोण आला? मी कंटाळा न करता प्रत्येकाला समजावून सांगे, की आजचा पहिला विचारू नका, बेरजेतला पहिला विचारा. सगळ्या टप्प्यांचा वेळ एकत्र करायचा. ज्याची बेरीज सर्वांत लहान, शर्यत त्याची. एखादा रोज दुसरा येऊनही शर्यत जिंकू शकतो. केवढी सुंदर गोष्ट आहे ही! पायांची शर्यत बघता बघता हिशेबाची होते आणि तिथे माझ्यासारख्या मास्तरणीलाही जागा मिळते.

महाडला पोचलात तेव्हा त्या बेरजेत सदाशिव पहिला होता आणि तू त्याच्यामागे चार मिनिटे. तिसरा इतका मागे पडला होता, की शेवटचा आठवडा तुम्हा दोघांचाच उरला.

आणि पणाला काय लागले होते, हे तुला पुन्हा सांगायला हवे का? सांगतेच. सायकली विकणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्याने जाहीर केले होते, की जो जिंकेल त्याला अलिबागची एजन्सी. तू तोवर दुसऱ्याच्या दुकानात पंक्चर काढीत होतास. मामांनी मुंबईच्या गिरणीत, रंगाच्या खात्यात, तुझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. दुकान मिळाले तर अलिबाग, नाही तर गिरणी. तिसरी वाट नव्हती. तूच म्हणाला होतास, “जिंकलो ना ताई, तर खाडीच्या वासाबाहेर जायचा न्हाय मी जल्मात.” एवढे लक्षात ठेव आणि पुढचे ऐक.

नाताळची सुट्टी होती म्हणून मी तुमच्या वळकट्यांच्या लॉरीत बसून बरोबर आले. लोक काय म्हणतील ते म्हणाले. शाळेत परत गेल्यावर त्याचे उत्तरही मी दिले.

महाडहून निघताना मी तुला बजावले होते, की या आठवड्यात सदाशिवला हरवायचा विचारसुद्धा करायचा नाही. फक्त त्याचे चाक सोडायचे नाही. पुढचा वारा कापतो, मागचा त्याच्या आडोशाने जातो आणि पुष्कळ बळ राखतो. पण आडोसा नेहमी नेमका पाठीमागे नसतो, हे लोकांना कळत नाही! वारा डावीकडून आला तर आडोसा उजवीकडे मागे सरकतो. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळचा वारा डोंगराकडून येतो, मग थोडा वेळ पडतो आणि ऊन चढले की समुद्राकडून सुरू होतो. उत्तरेकडे जाणाऱ्याने सकाळी डावीकडे मागे राहावे आणि वारा फिरला की बाजू बदलावी. हे मी तुला हरिहरेश्वराच्या पायऱ्यांवर खडे मांडून दाखवले होते. तू मान डोलावलीस. किती छान मान डोलवायचास रे तू!

आणि तू तसा चाललासही. श्रीवर्धनला उतरल्यावर तक्रार काय केलीस, तर सदाशिवच्या पाठीवरचे ठिगळ बघून बघून डोळे दुखले. मी हसले. मला वाटले, हा पोरगा आता शहाणा झाला.

दिवेआगरला माझे डोळे उघडायला हवे होते. वाडीतल्या वाळूच्या वाटेवर सदाशिवचे टायर बसले. आमची लॉरी मागूनच येत होती. मी उभी राहून बघते, तर तू पुढे निघून जायच्याऐवजी सायकल माडाला टेकवून त्याच्याशेजारी उकिडवा बसलेला! तो बिचारा घाईत कसेतरी ठिगळ चिकटवीत होता आणि तू त्याच्या हातातून ट्यूब ओढून घेत म्हणत होतास, “असं लावत्यात का रं? आण हिकडं. महाडात सगळी अशीच कामं करत्यात काय?” तो म्हणाला, “अरे, तू जा की पुढं!” तू म्हणालास, “हे असलं ठिगळ बघून जाववत न्हाय.” मी लॉरीतून ओरडले, तेव्हा वर बघून हात हलवलास.

संध्याकाळी मी तुला धारेवर धरले. तू म्हणालास, खिळ्याने दिलेले मिनिट काय कामाचे? मी म्हटले, ठीक, एकदा झाले. मीच तुझी समजूत काढली, आपल्याला ते मिनिट नकोच आहे. आपली शर्यत खाडीवर आहे.

आता खाडीचे सांगते. हे प्रकरण मी सर्वांत प्रेमाने बांधले होते आणि तूच ते उधळलेस.

राजपुरीच्या खाडीत अडचण नव्हती. टप्पा दिघीच्या धक्क्यावर संपत होता आणि सगळ्यांनी सावकाश पलीकडे जाऊन मुरूडला मुक्काम करायचा होता. पण शेवटच्या टप्प्यात सलावची खाडी मधोमध येत होती. शर्यतीच्या मंडळींनी नियमच केला होता, की खाडी हा मार्गाचा भाग, घड्याळ थांबणार नाही. हा नियम सगळ्यांनी वाचला आणि कोणीही त्यावर विचार केला नाही. मी केला. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ येते. शेवटचा दिवस दशमीचा. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती पुरी, मग ओहोटी. आपल्या खाडीत रेवदंड्याकडच्या अंगाला गाळ किती आहे हे आपण जन्मापासून पाहत आलो. ओहोटी निम्मी झाली, की बाबांची होडी चालत नाही; पुन्हा पाणी चढेपर्यंत, म्हणजे सुमारे सहा तास, ती पडून राहते. तुम्ही मुरूडहून आठला सुटणार, सलावला साडेदहाच्या आसपास पोचणार. म्हणजे एकच होडी मिळणार, शेवटची!

समजते का तुला याचे सौंदर्य? तुला सदाशिवपेक्षा चार मिनिटे पुढे जायची गरजच नव्हती. दोन मिनिटे पुरेशी होती. तू शेवटच्या होडीत आणि तो धक्क्यावर, एवढे झाले, की त्या दोन मिनिटांचे खाडी सहा तास करून देणार होती. मी तुला सांगितले, काशीदच्या पुढच्या चढणीपर्यंत त्याच्या आडोशाला राहा. वारा फिरेल तो नेमका तिथे. त्याला कळायच्या आत बाजू बदल आणि सगळे राखलेले बळ तिथे लाव. त्यानंतर मागे बघू नकोस.

मी आदल्या दिवशीच खाडी उतरून रेवदंड्याला येऊन थांबले. सकाळी धक्क्यावर अख्खे गाव होते. ढोल होता, केळी होती, तुझ्यासाठी कोकमाचे सरबत घेऊन शेजारच्या काकू उभ्या होत्या. पलीकडे सलावच्या धक्क्यावर धूळ दिसली. एकच सायकल! तू सायकल खांद्यावर घेऊन होडीत चढलास, बाबांनी शीड वर केले, होडी सुटली. माझे एकूण एक गणित बरोबर आले होते. आयुष्यात इतका शुद्ध आनंद मला फार थोड्या वेळा झाला आहे, गोविंद. तो पुरता दोन मिनिटेही टिकला नाही.

कारण शीड फिरले. होडी मागे वळली.

ढोल आपोआप थांबला. सगळ्या गावाला कळले काय झाले ते. एखाद्या परगावच्या माणसालाच समजावून सांगावे लागले असते. आपल्या खाडीचा रिवाजच तसा. पात्राच्या मधोमध रोवलेली ती काठी. होडी काठीच्या अलीकडे असताना मागच्या तीरावरून हाक आली, तर ती फिरवायची. हाक मारणारा कोण, कशासाठी, हे विचारायचे नाही. काठी ओलांडली, की मात्र कोणाच्याही हाकेला फिरायचे नाही, कारण मग पाणी उतरते आणि होडीतले सगळेच अडकतात. मागे राहिलेला माणूस वैद्याकडे निघालेला असेल, बाळंतिणीचा नवरा असेल. त्याला सहा तास तीरावर बसवायचे नाही, एवढाच त्यातला अर्थ. बाबांनी हयातभर तो पाळला. आपण दोघे त्याच होडीत वाढलो.

पण त्या दिवशी बाबासुद्धा डळमळले होते. संध्याकाळी त्यांनीच मला सांगितले. सलावच्या धक्क्यावरून हाक आली, तेव्हा होडी काठीच्या चार हात अलीकडे होती. बाबांनी सुकाणू धरलेला हात हलवला नाही. तुझ्याकडे न बघता म्हणाले, “वारा लय हाय. मला काय आयकू न्हाय आलं.”

आणि तू म्हणालास, “मला आलं, बाबा.”

बापाने मुलासाठी जन्मात एकदा कान बंद केले होते. एकदाच! आणि तू ते उघडायला लावलेस.

पुढचेही सोडणार नाही मी. सदाशिवला घेऊन होडी परत येईपर्यंत पाणी उतरले आणि आपल्या तीराच्या अलीकडे ती गाळात रुतली. तिथेही संधी होती! गाळातून चालणे हे महाडच्या माणसाचे काम नव्हे. तू लहानपणी जिथे कालवांचे शिंपले काढायला जायचास, ती शिंपल्यांची कडक वाट तुझ्या पायांना पाठ होती. तू सायकल खांद्यावर घेऊन त्या वाटेने निघालास, आणि मी काय बघते? दर चार पावलांना मागे वळून त्याला पाऊल कुठे टाकायचे ते दाखवतो आहेस. “डावीकडं न्हाय, डावीकडं न्हाय, माज्या पावलावर पाय दे.” सगळ्या गावाने ऐकले ते. मी सरबताचा तांब्या तुझ्या हातात दिला नाही, काकूंनी दिला. तो अर्धा पिऊन उरलेला तू सदाशिवला दिलास.

अलिबागेत तू पहिला पोचलास, एका चाकाने. लोकांनी तुला खांद्यावर घेतले, कारण लोकांना आजचा पहिला कळतो, बेरीज कळत नाही. मी गर्दीच्या कडेला उभी होते. टप्पा तुझा झाला, शर्यत त्याची. चार मिनिटे जिथल्या तिथे होती.

हे सगळे मला ठाऊक होते आणि इतक्या वर्षांत मी त्याच्याशी कसेबसे जुळवून घेतले होते. क्षणाचा मोह असतो तशी क्षणाची माया असते. हाक आली, तुला राहवले नाही, असे मी मनाला सांगितले. परवा सदाशिवने ते जुळवलेलेही मोडले.

तो म्हणाला, मुरूडला, शेवटच्या टप्प्याच्या आदल्या संध्याकाळी, तुम्ही दोघे किनाऱ्यावर बसला होतात. तू त्याला माझ्याविषयी सांगत होतास. “माज्या ताईनं पंचांगावरनं शर्यत बांधलीय,” असे तुझे शब्द. तिथीची पाऊणपट त्याला वाळूत काढून दाखवलीस! सगळे ऐकून तो म्हणाला, की मला खाडीचे काहीच ठाऊक नाही, म्हणजे उद्याची शर्यत संपलीच. तेव्हा तू वाळूशी खेळत त्याला सांगितलेस, “उशीर झालाच तर धक्क्यावरनं हाक मार. मधल्या काठीच्या अलीकडं असलो तर होडी फिरंल.”

म्हणजे तुला राहवले नाही असे नव्हे. होडी सुटल्यापासून तू ती हाक यायची वाट बघत होतास!

सांग मला, गोविंद, माझे डावपेच तुला कमीपणाचे वाटत होते का? ओहोटी ओळखणे हे चढण ओळखण्यापेक्षा हलके कसे? सदाशिवला महाडच्या घाटातली वळणे पाठ होती, त्यावर त्याने चार मिनिटे मिळवली. तेव्हा तो तुला वळणे समजावून सांगायला थांबला नव्हता. त्याचे पाय त्याच्या घाटाने घडवले, तुझे डोके तुझ्या खाडीने घडवले. यात लबाडी कुठे आहे? माझे म्हणणे तुला पटत नव्हते तर हरिहरेश्वराच्या पायऱ्यांवर बोलायचे होतेस. मी दुसरी युक्ती काढली असती. मान डोलवायची, आणि मग परक्याला वाळूत सगळे काढून दाखवायचे, ही कोणती रीत?

तुझ्या शोकसभेत एकामागून एक उठून म्हणत होते, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस! मी पदर दातांत धरून बसले होते. त्यांना वाटले, रडते आहे. तो राग होता. काशीदच्या चढणीवर तू जे केलेस ते एकानेही सांगितले नाही. वाऱ्याच्या ऐन वळणावर बाजू बदलून, त्या पहिल्या क्रमांकाच्या माणसाला दोन मिनिटे मागे टाकणारा सायकलस्वार कोणाला आठवत नव्हता. त्यांना हरलेला गोविंद हवा होता, कारण हरलेल्याची स्तुती करायला काही लागत नाही.

आणि सदाशिवची खरी गोष्ट अजून पुढेच आहे. दुकान मिळाल्यावर महिन्याभरात तो तुझ्याकडे आला होता म्हणे. “ये, दोघं मिळून चालवू. मी विकीन, तू हात चालव. पाटीवर दोघांची नावं.” आणि तू काय म्हणालास? हसलास. म्हणालास, जिंकलास तू, दुकान तुझे. आणि दुसऱ्याच आठवड्यात मुंबईची बोट धरलीस. मला सांगितलेस, मामा फार आग्रह करतात.

मी मुलींना नेहमी सांगते, दोन गोष्टी सारख्या दिसल्या तरी त्या वेगवेगळ्या मांडून बघाव्यात. मांडते. सदाशिवच्या हाकेला होडी फिरवलीस, ते औदार्य. मला पटले नाही तरी औदार्यच. तेवढे मी मान्य करते, आणि हे मान्य करताना मला किती त्रास होतो आहे ते तुला कळू दे. पण त्याने तुझ्यासाठी होडी फिरवली, काठीच्या अलीकडून, अगदी धक्क्याला आणून लावली, आणि तू तिच्यात पाय टाकला नाहीस. ते औदार्य नव्हते, गोविंद. तो अहंकार होता. जगाने हाक मारावी आणि मी फिरावे; मी मात्र कोणाला हाक मारणार नाही! कोणी शिकवले तुला हे? बाबांनी नाही. मी नाही.

तीन पावसाळे रंगाच्या वाफेत काढलेस. खोकला कधी लागला? तुझ्या पत्रांत सगळे क्षेम. दिवाळीला आलास तेव्हा गळ्याला मफलर. म्हणालास, मुंबईची फॅशन. एका ओळीत लिहिले असतेस, ‘ताई, छातीत दुखते,’ तर मी शाळा सोडून आले असते, सदाशिव आला असता, बाबा त्या म्हाताऱ्या हातांनी होडी घेऊन थेट मुंबईच्या धक्क्याला आले असते. आम्ही सगळे काठीच्या अलीकडेच होतो रे! तुझी हाक तेवढी आली नाही. मामांनी तुला आणून अंगणात उतरवले, तेव्हा बाबांनी एकदा तुझ्याकडे बघितले आणि तोंड फिरवून खाडीकडे बघत राहिले. तू ओलांडून गेला होतास, हे त्यांना लगेच कळले. मला कळायला आणखी आठवडा लागला.

बाबा आता होडी चालवीत नाहीत. धक्क्यावर बसतात. काल मी त्यांना सदाशिवचे सगळे सांगितले आणि विचारले, तुम्हाला राग येत नाही? त्यांनी जाळ्याचा फाटका कोपरा हातात घेतला. मग म्हणाले, “येतो तर. पन त्या दिशी मी खोटं बोललो आनि त्यो न्हाय बोलला, ह्ये कुटं ठेवू?”   याचे उत्तर सापडले, की लिहीन असे म्हणणार होते. पण हे पत्र एकच आहे.

येत्या हिवाळ्यात ती शर्यत पुन्हा भरवायची ठरले आहे. मंडळी माझ्याकडे दोन कामे घेऊन आली. एक, तुझ्या मोठेपणावर चार पाने लिहून द्यावीत, म्हणजे बक्षीस समारंभात वाचता येतील. ती मी देणार नाही. तुझ्यावर लिहिण्यासारखे जे होते ते इथे लिहिले आहे आणि ते समारंभात वाचण्याजोगे नाही. दुसरे, खाडीचे काय करावे? कोणी म्हणतात, शर्यतीच्या दिवशी हाकेचा रिवाज बंद ठेवावा. होडी सुटली, की सुटली. त्यावर माझे मत हवे आहे. गंमत बघ, मागच्या खेपेला हाच नियम असता तर तू आज अलिबागेत दुकानाच्या फळीवर बसला असतास. मी दोन दिवस त्या कागदावर ‘मान्य’ लिहायला बसते आहे आणि हात चालत नाही. आपल्या बाबांनी जो रिवाज एकदाच मोडू पाहिला, तो मी कागदावर सही करून मोडू?

तू मधली काठी ओलांडून गेला आहेस. पलीकडे गेलेल्याला हाक मारायची नसते, हे मला बाबांनीच शिकवले. म्हणून हाक मारत नाही, पत्र लिहिते.

आणि वचन देते. हाकेचा रिवाज शर्यतीच्या दिवशीही चालेल, असे मी मंडळींना लिहून कळवीन. शेवटच्या टप्प्याच्या आदल्या संध्याकाळी मुरूडला फळा घेऊन जाईन आणि झाडून सगळ्या स्वारांना समोर बसवून तिथीची पाऊणपट, वाऱ्याची बाजू, गाळातली शिंपल्यांची वाट, सगळे समजावून देईन. म्हणजे ‘मला खाडीचे ठाऊक नव्हते’ असे म्हणून कोणाला कोणाच्या भावाचे मन विरघळवता येणार नाही. सगळ्यांत शेवटी, फळ्याच्या तळाशी, ठळक अक्षरांत लिहीन, की अडलात तर हाक मारा, आणि काठीच्या आत असताना मारा. ती ओळ प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणून घेईन. दुसऱ्या दिवशी मी रेवदंड्याच्या धक्क्यावर उभी असेन. कोणासाठी शीड फिरले तर फिरू देईन. ढोलवाल्यांना सांगेन, वाजवणे थांबवू नका. घड्याळ मात्र मी थांबवणार नाही, गोविंद. तेवढे माझ्याकडे मागू नकोस.

तुझी,
अजून न निवळलेली
ताई